घरचा चित्रकलेचा तास: तंबोरा, किल्ला आणि बेंदराचा बैल

पायरीपायरीने चित्र शिकवताना वस्तू मुलाच्या ओळखीची घ्यावी. सांगली जिल्ह्यात मिरजेचा तंबोरा आहेच. आधी फिकट उभी मध्यरेषा, तळाशी भोपळ्याचा गोल, त्यावर लांब दांडी, वर चार खुंट्या, शेवटी चार तारा. सगळं जुळल्यावरच रेषा गडद करावी. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करावी: सपाट माथा, दोन्हीकडे उतार, पायथ्याला घरं.

मात्र पायऱ्यांची नक्कल म्हणजे चित्रकला नव्हे. हात बसला की नमुना मिटून ठेवावा आणि खरी वस्तू समोर मांडावी. बेंदराला घरी आणलेला मातीचा बैल यासाठी फार चांगला. जरा फिरवून ठेवला की शिंगं, वशिंड, पाय सगळ्यांची जागा बदलते. पाठ केलेल्या पायऱ्या अपुऱ्या पडतात आणि मूल पहिल्यांदा नीट बघायला लागतं. तेवढा वेळ खोडरबर बाजूला आणि पालकांचा हातही बाजूलाच राहू द्यावा.

मूळ चित्रं दाखवायला खटाव तालुक्यातल्या औंधला न्यावं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणावर चित्रमालिका केली. १९३८ साली त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रं आहेत.

घरी शिकणाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला चित्रकला विषय घेता येतो; वय किमान १४ वर्षं हवं.