कुत्र्याचा खोकला आणि डुकराचें वांकडें नाक

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत घरची मंडळी परगांवीं जातात, आणि कुत्र्याला आठवडाभर कुत्रीं संभाळणाऱ्या एखाद्या ठिकाणीं ठेवून देतात. मंडळी परततात, कुत्रेंहि परततें. पण चार-सहा दिवसांत तें एकाएकीं खोकूं लागतें. खोकला कोरडा, खणखणीत, हंसाच्या कर्कश ओरडण्यासारखा. उबळीच्या शेवटीं ओकारी येऊन थोडासा पांढरा फेस पडतो. घशांत हाड अडकलें अशा समजुतीनें घरांत धांवपळ उडते. हाड बहुधा नसतेंच. पुष्कळ कुत्रीं जेथें एका छपराखालीं राहतात तेथें पसरणारा हा सांथीचा खोकला. इंग्रजींत त्याला ‘केनेल कफ’ म्हणतात.

या खोकल्यामागें कधीं विषाणु असतात, कधीं अनेक रोगजंतु एकवटलेले असतात. परंतु त्यांतील एका प्रमुख जंतूचें नांव बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका. नांव भारदस्त असलें तरी घराणें घरोघरच्या आयांच्या परिचयाचें आहे. बेल्जियममधील ज्यूल बोर्दे व ऑक्ताव झांगू यांनीं १९०६ सालीं मुलांच्या डांग्या खोकल्याचा जंतु शोधून काढला, आणि पुढें बोर्दे यांच्या नांवावरूनच या कुळाला बोर्डेटेला हें नांव पडलें. कुत्र्याचा हा जंतु डांग्या खोकल्याच्या जंतूचा सख्खा भाऊ होय.

त्याच्या इतिहासांत एक विलक्षण घोटाळा आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेंतील फेरी या संशोधकाला डिस्टेंपर या घातक रोगानें पछाडलेल्या कुत्र्यांच्या श्वासमार्गांत हा जंतु वारंवार आढळला, आणि रोगाचें कारण हाच, असा निष्कर्ष त्यानें काढला. वास्तविक फ्रान्समधील कारे यांनीं १९०५ सालींच दाखविलें होतें कीं, जंतूंना अडवणाऱ्या गाळणींतूनहि डिस्टेंपरचें बीज पार होतें. १९२६ पासून इंग्लंडमध्यें लेडलॉ व डंकिन यांनीं केलेल्या प्रयोगांनीं कारे यांची बाजू खरी ठरली. फेरी यांनीं पाहिलें तें खोटें नव्हतें. घर फोडणारा निराळा होता, आणि हातीं लागला तो मागून शिरलेला.

मात्र हा जंतु स्वतःहि घर फोडूं शकतो. श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केंसांचें दाट शेत असतें. वाऱ्यावर डुलणाऱ्या पिकाप्रमाणें हे केंस सतत हलतात, आणि धूळ चिकटलेला कफ घशाकडे लोटतात. बोर्डेटेला नेमका या केंसांनाच जाऊन चिकटतो. त्यांची हालचाल थांबते. मग जंतूच्या विषानें केंस धारण करणाऱ्या पेशीच मरून गळूं लागतात. झाडू मोडल्यावर केर बाहेर टाकण्यास खोकल्यावांचून दुसरा उपाय उरत नाहीं. म्हणूनच पशुवैद्यानें छाती तपासण्यापूर्वीं खोकला दाबणारें औषध पाजणें बरें नव्हे.

डुकरांच्या पिलांत हाच जंतु नाकांत बिऱ्हाड करतो, आणि तेथें तो दुसऱ्याची वाट मोकळी करतो. डुकराच्या नाकांत कागदाच्या सुरळीसारखीं पातळ हाडें असतात. आंत येणारी हवा त्यांवरून जातांना ऊबदार व स्वच्छ होते. एकट्या बोर्डेटेलानें तीं थोडीं झिजतात, पण बहुधा पुन्हां भरून येतात. परंतु त्यानें दुखविलेल्या अस्तरावर पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूच्या विषारी जातीनें ठाण मांडलें, कीं हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात व बांधणाऱ्या मंदावतात. सुरळ्या विरघळून नाहींशा होतात, नाकांतून रक्त येतें, आणि मुस्कट आंखूड होतें किंवा एका बाजूस वळतें. जर्मनींत या रोगाचें वर्णन १८३० सालींच झालें होतें. आनुवंशिक दोष, आहारांतील चुन्याची उणीव अशीं कारणें दीर्घकाळ पुढें केलीं गेलीं; पाश्चुरेलाच्या विषाचा खरा वांटा १९८० च्या सुमारास स्पष्ट झाला. दाटीवाटीचा गोठा आणि मूत्राच्या उग्र वाफा या रोगाला पोसतात. लस गाभण डुकरिणीला टोचतात, व तिच्या पहिल्या दुधांतून पिलांना संरक्षण मिळतें.

कुत्र्यासाठीं दुर्बळ केलेल्या जिवंत जंतूंची लस नाकांत थेंबांनीं सोडतात; रोग जेथून शिरतो तेथेंच पहारा बसतो. खोकला तिनें सर्वस्वीं टळतो असें नाहीं, पण तो सौम्य होतो. लस बाहेर ठेवण्याच्या आदल्या दिवशीं देऊन भागत नाहीं. कांहीं दिवस आधीं द्यावी लागते. बहुतेक धडधाकट कुत्रीं एक-दोन, फार तर तीन आठवड्यांत आपोआप बरीं होतात. गळ्यांतील पट्ट्याऐवजीं छातीवरून बांधावयाचा पट्टा वापरला तर उबळ कमी येते. बरें झालेलें कुत्रेंहि कित्येक आठवडे जंतु बाहेर टाकीत असतें, याचा मात्र शेजाऱ्यांच्या कुत्र्यांना भेटवतांना विसर पडतो. ताप, अन्नावरची वासना उडणें, नाकांतून पिवळा शेंबूड, जलद श्वास हीं चिन्हें दिसलीं, किंवा खोकणारें पिलूं असलें, तर त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा.

माणसाला हा जंतु क्वचितच बाधतो. ज्याची प्रतिकारशक्ति रोगानें अथवा औषधांनीं खालावली आहे, त्याला मात्र तो बाधल्याचीं उदाहरणें आहेत. घरांत असा रुग्ण असल्यास खोकणारें कुत्रें त्याच्या खोलींत जाऊं देऊं नये, आणि नाकांत सोडावयाची लस देण्यापूर्वीं पशुवैद्याला त्याची कल्पना द्यावी.