अर्धी भाकरी अधिक तिसरा हिस्सा

अर्धी भाकरी अधिक एक तृतीयांश भाकरी किती? बरीच मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ असं उत्तर लिहितात. पण २/५ तर अर्ध्याहूनही कमी! अर्धीत भर घातल्यावर ती घटेल कशी?

छेद सांगतो तुकडा केवढा, अंश सांगतो तुकडे किती. तुकडे लहानमोठे असतील तर नुसतं मोजून भागत नाही. म्हणून भाकरीचे सहा सारखे तुकडे करा. अर्धीचे तीन, तृतीयांशाचे दोन, झाले ५/६. सहाच का? दोन आणि तीन या दोघांनीही भाग जाणारी ती सर्वांत लहान संख्या, म्हणजे लसावि.

१९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा अपूर्णांकांचे असे हिशेब तोंडी होत. आठ आणे नि चार आणे मिळून बारा, म्हणजे पाऊण रुपया. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त समच्छेदाची, म्हणजे छेद सारखे करण्याची, रीत दिली आहे: प्रत्येक अपूर्णांकाचे अंश आणि छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणायचे.

सूत्र पाठ करून घेण्याआधी मुलांना एकदा स्वतःच्या हातांनी भाकरी मोडू द्या.