चांदीच्या शेठचा संसार आणि कागदाची साक्ष

अमेरिकेतील कोलोरॅडोचा चांदीसम्राट होरेस टेबर मुळात दुकानदार. १८७८ साली लेडव्हिल येथे त्याने दोन खाणकऱ्यांना शिधा-सामान दिले आणि पैशांऐवजी एक तृतीयांश हिस्सा ठरविला. चांदी लागली, टेबर लक्षाधीश झाला.

त्याच्या संसाराविषयी दंतकथा पुष्कळ. खरे शोधायचे तर आपण खातेवहीत करतो तेच करावे, तारखा जुळवाव्यात. पहिली पत्नी ऑगस्टाशी कायदेशीर घटस्फोट जानेवारी १८८३ चा. सेंट लुईसमधील गुपचूप दुसरे लग्न मात्र सप्टेंबर १८८२ चे! वॉशिंग्टनचा थाटाचा समारंभ मार्च १८८३ मधला.

१८९३ मध्ये चांदी कोसळली, टेबर बुडाला. ऑगस्टाने आपला वाटा सांभाळला. १८९५ मध्ये ती श्रीमंतीतच वारली. व्यापारी बंधूंनो, सांगणाऱ्याचे ऐकावे, पण तारीख कागदावरचीच धरावी.