आपल्या मातीची झाडे, आपल्या आवारात

पावसाळा तोंडावर आला की शाळा, ग्रामपंचायती आणि शासकीय कार्यालये यांच्या आवारांत वृक्षारोपणाची तयारी सुरू होते. खड्डे खणले जातात, रोपे येतात, समारंभ पार पडतो. मात्र ‘रोपे किती?’ हा प्रश्न जितक्या आस्थेने विचारला जातो, तितक्या आस्थेने ‘रोपे कोणती?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः त्या आवारात पाखरे, मधमाश्या व फुलपाखरे नांदणार की नाही, हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

पानापासून पाखरापर्यंत

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प व सुबाभूळ मध्य अमेरिकेकडील, तर नीलगिरी ऑस्ट्रेलियातील. ही झाडे झपाट्याने वाढतात. म्हणून त्यांची लागवड सर्वत्र झाली. परंतु येथील कीटकसृष्टीशी त्यांचे जुने नाते नाही. फुलपाखराला मध अनेक फुलांतून मिळू शकतो. त्याच्या अळीला मात्र ठरावीक वनस्पतींचीच पाने लागतात. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईवर अंडी घालते. 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ‘ब्लू मॉरमॉन’च्या अळ्या लिंबू कुळातील झाडांच्या पानांवर पोसल्या जातात. एरवी दाणे टिपणारी चिमणीदेखील आपल्या पिलांना अळ्या व कीटकच भरविते. पानावर अळी नसेल, तर घरट्यातील पिलाला चारा नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

वड, पिंपळ व उंबर यांचे महत्त्व याहून मोठे आहे. एकाच परिसरातील ही झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात. त्यामुळे इतर फळांची टंचाई असतानाही पक्ष्यांना अन्न मिळते. राज्यपक्षी हरियाल प्रामुख्याने अशा फळांवर जगतो.

परदेशी म्हणून प्रत्येक झाड त्याज्य ठरत नाही. चिकू व पेरू बाहेरूनच आले आणि येथे रुळले. धोका आहे तो अनिर्बंध पसरणाऱ्या वनस्पतींचा. आज रानोमाळ माजलेली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बागेची शोभा म्हणून भारतात आणली गेली. नद्या व तळी झाकून टाकणाऱ्या जलपर्णीलाही तिच्या सुंदर फुलांमुळेच जगभर आश्रय मिळाला होता.

स्थळ पाहून निवड

कोकणात बकुळ, सुरंगी, उंडी व राज्यपुष्पाचा मान असलेले ताम्हण लावता येईल. कमी पावसाच्या भागात बहावा, पळस, आपटा, हिवर व बाभूळ तग धरतात. विदर्भात मोह, चारोळी व तेंदू यांची परंपरा आहे. पळस व काटेसावर फुलतात ती शिशिरात व वसंताच्या उंबरठ्यावर. त्या कोरड्या दिवसांत मैना, सूर्यपक्षी व मधमाश्या यांना त्यांचा मोठाच आधार होतो. कुंपणासाठी सागरगोटा व करवंद, तर आवाराच्या कडेला अडुळसा व निरगुडी योग्य होत. वड, पिंपळ व उंबर मात्र इमारती व विहिरींपासून दूर लावावेत, कारण त्यांची मुळे बांधकामात शिरतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य अशाच गवताळ प्रदेशात आहे. माळढोक, धाविक व चंडोल यांना मोकळा माळच लागतो. अशा ठिकाणी दाट झाडी लावणे हे त्यांचे घर मोडण्यासारखे आहे. तेथे पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांचे रक्षण करणे हेच खरे संवर्धन होय, आणि त्यातून गुरांना वैरणही मिळते.

शाळा आणि पंचायत

स्थानिक रोपे रोपवाटिकेत नेहमी उपलब्ध असतातच असे नाही. यावर बीजसंकलन हा उत्तम उपाय आहे. विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात करंज, बहावा व पळस यांच्या शेंगा गोळा कराव्यात. बहाव्याचे बी कठीण कवचाचे असल्याने ते गरम पाण्यात भिजवून पेरावे. कडुनिंबाच्या बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होते. म्हणून पिकलेल्या निंबोळ्या गोळा होताच पेराव्यात. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत आणि चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. पहिली दोन-तीन वर्षे आळे, आच्छादन, उन्हाळ्यातील पाणी व गुरांपासून संरक्षण यांची जबाबदारी निश्चित केलेली असावी. गळालेला पाचोळा जाळू नये. त्याचे खत होते आणि त्यात असंख्य जीव आश्रय घेतात.

जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख कार्य आहे. ही नोंदवही कपाटात बंद न ठेवता वृक्षारोपणाची यादी करताना उघडली, तर गावच्या शिवारात पूर्वापार कोणती झाडे होती, याचे उत्तर गावातच मिळेल. ज्यांनी ती झाडे पाहिली, त्या वृद्ध स्त्रीपुरुषांचे अनुभव तिच्यात वेळीच नोंदले जाणे अगत्याचे आहे. समारंभात लावलेल्या रोपांची संख्या अहवालात नमूद होतेच. त्याच आवारात काही वर्षांनी किती प्रकारची पाखरे उतरली, हीदेखील नोंद शाळेने ठेवावी. वृक्षारोपणाच्या यशाचे खरे मोजमाप तेच ठरेल.