कथेच्या दारांतील नवखा

माझा नातू संगणकावर जो खेळ खेळतो, त्यांत हजारों माणसें आपापल्या घरून एकाच वेळीं उतरतात, प्रत्येकजण एखादें सोंग घेतो, आणि सारे मिळून एक लांबलचक कथा जगतात. हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हां मला त्याच्या आरंभाचेंच कुतूहल वाटलें. वीस वर्षें चाललेल्या गोष्टींत आज आलेल्या पोराला आंत घ्यावयाचें तरी कसें?

आपल्या रंगभूमीला ही अडचण नव्हती. १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार उभा राहून कथा गाई, आणि विदूषकाशीं होणाऱ्या त्याच्या थट्टेंतून पुढचें आख्यान प्रेक्षकांस कळे. शिवाय रामाची गोष्ट कोणास ठाऊक नव्हती? पुण्यास तयार होऊन २०२० सालीं निघालेल्या 'राजी' या खेळांतही दुर्गा आणि विष्णु नायिकेची गोष्ट सांगत राहतात; तें सूत्रधाराचेंच काम. पण तो एकट्यानें, पहिल्यापासून खेळावयाचा खेळ.

अनेकांच्या खेळास पहिली घंटा नाहीं. नातवाचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ सालीं अमेरिकेंत निघाला. त्यांत ज्या वंशाचें सोंग निवडावें, त्याचा पूर्वेतिहास एक गंभीर आवाज थोडक्यांत सांगे, आणि चित्र रानावनांवरून फिरत आपल्यापाशीं येऊन थांबे. मग समोर एक माणूस. त्याच्या डोक्यावर पिवळें उद्गारचिन्ह. तो एखादें किरकोळ काम सांगे: एवढे लांडगे मारा, हा निरोप पलीकडे पोंचवा. हीं कामें पोरकट दिसतात खरीं. पण निरोप नेतां नेतां रस्ता कळतो, शत्रु कोण तें कळतें, गांवाचें नांव पाठ होतें. मी वर्गांत शिवकालाचा आरंभ भोसल्यांच्या वंशावळीपासून करीत असें, आणि मुलें जांभया देत. तोरण्याच्या वाटेनें निघालों असतों, तर वंशावळ त्यांनींच विचारली असती.

पुढें या खेळावर नव्या कथांचे थर चढले, आणि नवख्यास धागा सांपडेना. तेव्हां २०२० सालीं चालकांनीं नवागतांसाठीं एक निराळें बेट काढलें. हरवलेल्या तुकडीच्या शोधास निघालेलें जहाज वादळांत फुटतें, आणि आपण किनाऱ्यावर पडतों. ही युक्ति मला फार आवडली. अनोळखी किनाऱ्यावर पडलेल्यास कांहीं ठाऊक नसावें, हा कथेचाच भाग झाला!

तरीही बेट सुटतांच नातू गोंधळला. मोठ्या शहरांत जो तो मागच्या युद्धांविषयीं बोले. गोदाकांठीं कीर्तनास उशिरा पोंचल्यावर आपण शेजारच्या आजीबाईंस हळूच विचारतों, "कुठवर आलं?" त्याही बुवांवरची नजर न काढतां सांगतात, "हरिश्चंद्र काशीस पोंचला." नातवानेंही पडद्याच्या कोपऱ्यांत तसाच प्रश्न लिहिला. मी शेजारीं बसून वाचीत होतों. कोणा अनोळखी खेळाडूनें आपलें काम बाजूस ठेवलें, आणि वेशीपाशीं नेऊन कोणता पुतळा कोणा वीराचा, तो कोठें लढला, हें त्याला सांगितलें.

आठवड्यानें पानें वाढलीं होतीं. नातू उठेना. बेटावरून नुकताच आलेला एकजण त्याला वाट विचारीत होता. "आजोबा," तो म्हणाला, "पांचच मिनिटं. ह्याला पुतळे दाखवून येतो."