मुदत, खंड आणि पाणचक्की

जमीन एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे अशी जेथें वहिवाट असते, तेथें ‘खंड किती?’ या प्रश्नाइतकाच ‘मुदत किती?’ हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. स्कॉटलंडमधील जुन्या जमीनदारीचा इतिहास चाळतांना हें तत्त्व आम्हांस पदोपदीं दिसून आलें. म्हणून त्याची थोडी हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १४४९ मध्यें, दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत, तेथील पार्लमेंटानें एक लहानसा कायदा केला. जमीनदारानें जमीन विकली तरी कुळाचा पट्टा मोडत नाहीं. मुदत संपेपर्यंत नव्या मालकानें त्याच खंडावर त्यास राहूं दिलें पाहिजे, असा त्याचा आशय. हा कायदा अद्यापि रद्द झालेला नाहीं. परंतु त्यानें पट्टा राखला, मुदत वाढविली नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं पुष्कळ कुळें वर्षाच्या बोलीनें किंवा थोड्या मुदतीनें जमीन कसीत. खंडाचा कांहीं भाग धान्य व कोंबड्या यांच्या रूपानें द्यावा लागे. शिवाय मालकाच्या घरचीं ओझीं वाहावीं लागत. पुढल्या वर्षीं शेत आपलें राहील कीं नाहीं हें ज्यास ठाऊक नाहीं, तो तेथें कुंपण कशाला घालील आणि चुन्याचें खत कशाला टाकील?

धान्य पिकल्यावरही कुळाची सुटका नसे. मालक पाणचक्की एखाद्यास मक्त्यानें देई आणि आपल्या कुळांनीं त्याच चक्कीवर दळलें पाहिजे असें बंधन घाली. यास ‘थर्लेज’ म्हणत. दळणावळ धान्यांतूनच कापून घेत. ती कोठें तिसावा हिस्सा, तर कोठें बारावा. बांध व पाट दुरुस्त करणें आणि चक्कीचा नवा दगड आणणें हेंही कुळांचेंच काम. रस्ते नसल्यामुळें दगडाच्या भोंकांत वासा घालून तो उभा लोटीत आणावा लागे. गिऱ्हाईक बांधलेलें असल्यावर चक्कीवाल्यास आर्जवाची गरज काय? मात्र दोष एकट्या त्याचा नव्हे; या बांधलेल्या गिऱ्हाइकांच्या हिशेबानेंच मालक त्याच्याकडून मक्ता घेई. १७९९ च्या कायद्यानें मोबदला देऊन हें बंधन तोडण्याची सोय झाली; त्याचे शेवटचे अवशेष तर २००४ मध्यें सरंजामी हक्कांबरोबर नष्ट झाले.

एडिंबरोजवळील ऑर्मिस्टनचा जमीनदार जॉन कॉकबर्न यानें १७१८ पासून ३८ वर्षांचे पट्टे देण्यास आरंभ केला. सुधारणांच्या खर्चापायीं तो कर्जबाजारी होऊन त्याची मिळकत विकली गेली. तथापि लांब मुदतीची कल्पना टिकली, आणि पुढें १९ वर्षांचा पट्टा त्या देशांत सर्वसाधारण झाला.

लांब मुदत म्हणजे सर्वस्व मात्र नव्हे. कवि रॉबर्ट बर्न्स याचे वडील विल्यम यांनीं १७७७ मध्यें लॉकली येथील १३० एकर जमीन एकरीं २० शिलिंग खंडानें घेतली. करार लेखी झाला नव्हता. जमीन पाणथळ, बाकी थकली आणि मालकाशीं तंटा लागला. जानेवारी १७८४ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें विल्यम यांच्या बाजूनें निकाल दिला. पण कष्टांनीं व काळजीनें खंगलेले ते गृहस्थ फेब्रुवारींतच वारले. पुढें १७८८ मध्यें कवीनें स्वतः एलिसलंड येथें शेत घेतलें. पट्टा ७६ वर्षांचा, खंड पहिलीं तीन वर्षें ५० पौंड व नंतर ७०. परंतु जमीन निकस निघाली आणि १७९१ मध्येंच त्यानें तें शेत सोडलें.

तात्पर्य, मुदतीला बेताच्या खंडाची आणि लेखी कराराची जोड हवी. इतकेंही पुरत नाहीं. पट्टा संपल्यावर कुळानें सुधारलेली जमीन मालकाच्या घरांत जाते, तिचें मोल कोणी द्यावें? स्कॉटलंडच्या कुळांस तें मोल मागण्याचा हक्क १८८३ च्या कायद्यानें मिळाला. विल्यम बर्न्स यांस वारून तेव्हां ९९ वर्षें झालीं होतीं.