गोणपाट, काथ्या आणि पहाटेचा खोकला

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात पहाटे खोकणारी मुले वाढतात. पालक दोष देतात पंख्याला नाहीतर आइस्क्रीमला. मी विचारतो, मूल कशावर झोपते? पुष्कळदा अंथरुणाखाली तागाचे जाजम किंवा हौसेने घेतलेला गालिचा असतो आणि तो जूनपासून कोणी उचललेला नसतो.

आपल्या वसई-विरारची हवा समुद्राची आणि खाडीची. ताग, काथ्या, सूत, लोकर हे सगळे धागे हवेतली ओल पितात. त्या ओलीवर बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे पोसतात. हे किडे चावत नाहीत. आपल्या कातडीचा झडलेला कोंडा खाऊन जगतात. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासावाटे गेले की ज्यांना वावडे आहे त्यांचा दमा उसळतो. आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहिली तर हे किडे टिकत नाहीत, पण आपल्याकडे जुलैत ती ८० च्या आसपास!

तेव्हा पाणी कमी, ऊन जास्त. तागावर ओले फडके फिरवू नये. ओल आत राहते व ताग कुजतो. काही सांडले तर कोरड्या कापडाने टिपावे, घासू नये. दाराशी टाकलेले गोणपाट रोज बदलावे. काथ्याचे पायपुसणे दणकट. सोडणे महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात कुजवूनही काथ्या काढतात. ते खुशाल धुवावे, पण पूर्ण वाळल्याशिवाय आत आणू नये. लोकर गरम पाण्याने आटते. सुती सतरंजी मात्र ६० अंशांच्या कढत पाण्यात धुवावी, किडे मरतात.

ऊन दाखवल्यावर गालिचा घराबाहेरच झटकावा, कारण मेलेल्या किड्यांचे कणही त्रास देतात. हे काम दमेकऱ्याने करू नये. डांबरगोळ्या घालून गुंडाळी ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही. त्यातल्या नॅप्थॅलीनने काही तान्ह्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. आणि गालिचा उचलला म्हणून दम्याचे औषध परस्पर बंद करू नये.

जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे घराघरांत पाणी शिरले होते. अशा गटारमिश्रित पाण्यात भिजलेला गालिचा कितीही महाग असला तरी टाकून द्यावा. उचलताना गमबूट घालावेत, जखमा झाकाव्यात. उंदरांच्या मुतातून त्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. महिनाभरात ताप आला तर पुराच्या पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.